हद्दीच्या दगडाला वळसा

हे घडलं २०२४ साली, दिवाळी आटोपल्यानंतरच्या महिन्यात. साल बिनचूक सांगता येतं, कारण त्याच महिन्यात कर्जतला लागून असलेल्या दहिवलीच्या किशोररावांना सत्तर पूर्ण झाली, आणि सत्तर वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी आखलेली एक सरळ रेषा वाकडी गेली.

किशोरराव सरकारी मोजणीदार. चौतीस वर्षं त्यांनी कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके पायांखाली घातले. कशेळ्याच्या वरच्या वाड्यांपासून लोधिवलीच्या हायवेपर्यंत अशी भावकी नव्हती, जिच्या भांडणात ते साखळी घेऊन उभे राहिले नव्हते. त्या काळी मोजणी म्हणजे तेहतीस फुटांची लोखंडी साखळी, चार झेंडे, आणि दुपारी कुणाच्या तरी ओटीवर तांदळाची भाकरी. आता काठीच्या टोकावर एक पांढरी थाळी बसवतात आणि ती थाळी म्हणे आभाळाशी बोलते. किशोररावांचा त्या थाळीवर काडीचा विश्वास नव्हता. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी गाव त्यांना मोजणीसाहेबच म्हणे, आणि कुठल्याही लग्नाच्या पंगतीत जिलबी येईपर्यंत त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे, "मी बसवलेला दगड चुकीचा निघाला, तर ही मिशी उतरवीन!"

मिशी उतरवण्याजोगी होती खरी. भरघोस, आणि मेंदीने लाल. परसात भिंतीच्या कडेला मेंदीचं एक जुनं झुडूप होतं. घर बांधलं तेव्हापासून ते तिथेच होतं. त्याचा पाला वाटून रोहिणीबाई दर पंधरा दिवसांनी नवऱ्याची मिशी रंगवत. शिवाय दर ईदच्या आधी टोपलीभर पाला भिंतीवरून शेजारच्या अख्तरुन्निसाला देत. "आमच्या मेंदीचा रंगच वेगळा," असं न चुकता म्हणत. अख्तरुन्निसा टोपली घेई आणि गोड हसे.

या सुखी घरात सोलर शिरलं ते खालापूरहून. रोहिणीबाईंची धाकटी बहीण भाग्यश्री तिथे राहते. दिवाळीत तिने गच्चीवरची पॅनेलं दाखवली आणि म्हणाली, "ताई, तुझ्याकडे दुपारी लाइट गेली की मिक्सरसाठी ताटकळतेस ना अजून?" एवढं एक वाक्य. परत येऊन कर्जतला उतरताना रोहिणीबाई म्हणाल्या, "आपल्याकडे सोलर हवं."

भाग्यश्रीकडे सोलर बसवणारा रूपेश आला. पाठीवर सॅक, कानात यंत्र, आणि तोंडात एकच वाक्य, "काका, दीड दिवसाचं काम आहे."

घराचं छप्पर कौलारू. कौलं हलवायला रोहिणीबाई तयार नव्हत्या. म्हणून पॅनेलं परसाच्या टोकाला, पंपाच्या खोलीच्या स्लॅबवर बसवायची ठरली. तिथून घरापर्यंत तेवीस मीटर. वरून केबल ओढावी तर माथेरानच्या डोंगरातून उतरणारी वानरं. त्यांनी गेल्या वर्षी कपड्यांची तार झोके घेऊन तोडली होती, ओल्या साडीसकट.

"मग जमिनीखालून नेऊ," रूपेश म्हणाला. "दोन फूट खोल चर, त्यात पाइप, पाइपातून केबल. सरळ लाइनीत. फक्त काका, पाइपाला दोनच्या वर वळणं नकोत. केबल अडकते."

"वळण?" किशोरराव हसले. "मुला, मी चौतीस वर्षं सरळ रेषाच ओढल्या आहेत."

त्याच संध्याकाळी त्यांनी ट्रेसिंग कापडावर नकाशा काढला. उत्तर दिशेचा बाण काढला, स्केल लिहिलं आणि खाली सही केली. भिंतीचा पाया ढासळू नये म्हणून चर भिंतीपासून बरोबर अडीच फुटांवर घ्यायचा, असा शेरा मारला. अडीच फूटच का, हे त्यांना त्या वेळी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. नशिबाने स्वतः टेप धरला होता म्हणायचं.

पहिलं विघ्न वीज कार्यालयात आलं. अर्ज बघून तिथल्या बाईंनी विचारलं, "गोमा कोण?"

गोमा म्हणजे ज्याच्याकडून किशोररावांनी शहाण्णव साली ही जागा घेतली तो. जागा त्यांच्या नावावर झाली होती. वीजमीटर मात्र अठ्ठावीस वर्षं गोमाच्याच नावावर चालू होता, आणि गोमा वारून वीस वर्षं झाली होती.

"मयताच्या वारसाचं संमतिपत्र आणा," बाई म्हणाल्या.

हे वाक्य किशोररावांनी नोकरीत किती जणांना ऐकवलं असेल याचा हिशोब नाही. खिडकीच्या या बाजूने ते पहिल्यांदाच ऐकलं. 

वारस म्हणजे गोमाचा मुलगा विठू, राहायला कशेळ्याला. किशोरराव जीपमध्ये सात माणसं आणि एका बोकडाबरोबर बसून गेले. विठूने सही केली, पण सहज नाही.

"बानं जमीन इकली साहेब, मीटर नाय इकला," तो म्हणाला, आणि आपल्याच विनोदावर इतका हसला की सही रेघेबाहेर गेली.

कशेळ्याच्या त्याच बाजारात त्यांना लडकू भेटला. वरच्या वाडीतला हा ठाकर त्यांच्या तरुणपणी मोजणीवर साखळी ओढायचा. साखळीचं एक टोक साहेबांच्या हातात, दुसरं लडकूच्या, अशी दोघांनी मिळून पंधरा वर्षं काढली होती. आता लडकूही साठीला आला होता. चर खणायचा आहे म्हटल्यावर म्हणाला, "येतो की. पारूला पन आनतो. ती माज्यापरीस बरी खनती."

सोमवारी दोघं पहिल्या जीपने आले. लडकूच्या हातात पहार, त्याच्या बायकोच्या, पारूच्या, हातात कुदळ. किशोररावांनी चुन्याची रेघ मारून ठेवली होती. भिंतीपलीकडून अख्तरुन्निसाच्या नवऱ्याने, अबूबकरने, खुर्ची आणून मांडली. अबूबकरचं दहिवलीच्या रस्त्यावर पंपदुरुस्तीचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे. पण शेजारी खड्डा खणला जात असताना दुकानात बसवतं कुणाला?

"मोजणीसाहेब, पाइप कुठला टाकताय?"

"ठिबकचा जुना पडलाय की माझ्याकडे."

"या अल्ला! त्यातून पाणी नेतात, वीज नाही. फराजच्या हाती जाड काळा पाठवतो."

"अबूभाई, पाइप तो पाइप."

"बरोबर. आणि दोरी ती दोरी. नाडीने बैल बांधून बघा उद्या."

पारू घमेलं टाकून हसायला लागली. जाड काळा पाइप आला. फराजने, म्हणजे अबूबकरच्या मुलाने, तो स्कूटरवरून आडवा आणला आणि वाटेत तीन माणसांच्या शिव्या खाल्ल्या.

दुपारपर्यंत अकरा मीटर चर झाला. सुतासारखा सरळ. अबूबकर नमाजाला गेला, रोहिणीबाई चहा टाकायला गेल्या, आणि मेंदीच्या झुडपाला लागून पहार ठण्णकन वाजली.

लडकूने हाताने माती बाजूला केली. घडीव दगड होता. डोक्यावर छिन्नीने कोरलेली फुली. त्याने दगडाच्या बुडाशी बोटं घातली, चार कोळसे बाहेर काढले, आणि मग काचेची एक हिरवट गोटी धोतराला पुसून साहेबांच्या तळहातावर ठेवली.

हद्दीच्या दगडाखाली कोळसे पुरायची पद्धत जुनी. दगड कुणी हलवला तरी कोळसा कुजत नाही, जागा सांगतो. पण गोटी ही खुद्द किशोररावांची भर. गोटीसोड्याची बाटली फोडून काढलेली एक गोटी ते प्रत्येक दगडाखाली टाकत. ही खूण दोघांनाच माहीत होती, त्यांना आणि साखळीच्या दुसऱ्या टोकाला.

"साहेब," लडकू हळूच म्हणाला, "ह्यो आपलाच दगुड हाय. अबूशेटच्या बापानं मोजनी मागिवली व्हती बगा. अठ्ठ्याऐंशी साली. कोलमीचं कालवन व्हतं त्या दिशी."

किशोररावांना कालवणासकट सगळं आठवलं. दगडाच्या पलीकडे अबूबकरच्या वडिलांची जमीन, अलीकडे गोमाची. आणि आता त्या दगडाच्या पलीकडे अडीच फुटांवर उभी होती त्यांची स्वतःची भिंत. अबूबकरच्या जमिनीत.

हे झालं कसं? सोपं आहे. साऱ्या जगाची जमीन मोजणाऱ्या माणसाने स्वतःची जागा कधी मोजलीच नाही. 'आपल्याला काय गरज, नजर आहे!' शहाण्णव सालच्या पावसात दगडावर गाळ बसला होता. किशोरराव तेव्हा लोधिवलीच्या कामावर होते. गवंड्याला पाया खणताना कातळ लागला, त्याने ओळंबा धरून भिंत थोडी पुढे सरकवली. सुट्टीला आल्यावर साहेबांनी एका डोळ्याने पाहिलं. भिंत अगदी सरळ होती. त्यांनी गवंड्याच्या पाठीवर थाप मारली होती.

"काडू का दगुड?" लडकूने विचारलं.

"खबरदार! हद्दीचा दगड हलवणं गुन्हा आहे."

"मंग?"

किशोररावांनी भिंतीकडे पाहिलं, रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, आणि घसा खाकरून म्हणाले, "वळसा घाल."

लडकूने पहिल्यांदा मान वर करून साहेबांच्या डोळ्यांत पाहिलं. मग खाली बघून खणायला लागला. पारू म्हणाली, "सरल चाललेला मानूस मधीच का वाकला गं बाय?" ती नक्की कुणाबद्दल बोलत होती ते कळलं नाही. आसपास दुसरी बाई तर नव्हती. मेंदीशी बोलत असावी.

तर पाइप दगडापाशी आला, डावीकडे वळला, उजवीकडे वळून पुढे गेला, पुन्हा उजवीकडे वळला, आणि डावीकडे वळून मूळ रेषेवर आला. चार एल्बो लागले. रूपेश त्या दिवशी नेरळला होता. त्याने बजावलं होतं, फोटो काढल्याशिवाय चर बुजवू नका. पण संध्याकाळी अबूबकर परतला तेव्हा माती चोपून, वर पाणी शिंपडून झालं होतं.

"एवढ्यात बुजवला?"

"लहान मुलं येतात हो. पडतील."

त्या परसात गेल्या दहा वर्षांत अबूबकरची नात इक्रा सोडून एकही लहान मूल आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अख्तरुन्निसाने सांदणं पाठवली. किशोरराव एरवी सहा खात. त्या दिवशी अर्ध्यावर थांबले. रोहिणीबाईंनी कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. खिशात गोटी होती. चालताना किल्ल्यांवर आपटून ती सारखी वाजत होती, आणि किशोरराव दर वेळी दचकत होते.

गुरुवारी वीज कार्यालयाचे साहेब पाहणीला यायचे होते. त्याआधी सकाळी केबल ओढून घ्यायची असं ठरलं. रूपेशने एका टोकाला दोरी सोडली. दोरी गेली आणि थांबली. अबूबकरने दुकानातून हवा मारायचं यंत्र आणलं, दोरीला प्लास्टिकची पिशवी बांधली आणि दुसऱ्या तोंडाशी ती फुर्रकन बाहेर काढून दाखवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, किशोररावांनी सगळ्यांत जोरात. मग दोरीला केबल बांधली आणि लडकू, पारू, फराज, अबूबकर ओळीने ओढायला लागले. दहा मीटर लोण्यासारखी आली. अकराव्याला घट्ट.

साबणाचं पाणी झालं. टाल्कम पावडर झाली. रोहिणीबाईंनी खोबरेल तेल आणलं. परसात न्हाणीघरासारखा वास सुटला, केबल तसूभर हलली नाही.

"काका, किती वळणं आहेत?" रूपेशने विचारलं.

"तशी... वळण म्हणावं असं काही नाही."

"किती?"

"रचनेच्या सोयीसाठी चार."

रूपेशने सॅक खाली ठेवली. तेवढ्यात फाटकाशी स्कूटर थांबली आणि वीज कार्यालयाचे साहेब आले. वय तीस, हातात फाइल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चराचा उघडा फोटो कुठाय? नाही? मग खोदून दाखवा. वळण आहे तिथेच खोदा."

"तसं खोदता येणार नाही," किशोरराव ताठ उभे राहून म्हणाले. "भूपृष्ठाखालील बांधकामाची पाहणी करायची तर लेखी सूचना, सात दिवसांची मुदत—"

"अहो, खोदा ना!" रोहिणीबाई म्हणाल्या. "घर तुमचं, खड्डा तुमचा. सूचना कुणाला द्यायची, मला?"

"लडकूभाऊ, मारा पहार," रूपेश म्हणाला.

लडकू पहार रोवून उभा राहिला. "मी न्हाय. साहेबांनी सांगितल्याबिगर मी दगडापाशी जात न्हाय."

"कसला दगड?" अबूबकरने विचारलं.

वरून एक वानर हे सगळं बघत होतं, त्यानेही खाजवायचं थांबवलं. मग किशोररावांनी चष्मा काढून रोहिणीबाईंकडे दिला, पारूच्या हातातून कुदळ घेतली, आणि सत्तराव्या वर्षी स्वतः खणायला लागले. "साहेब, द्या हिकडं," लडकू दोनदा म्हणाला. दिली नाही. दगडाचं डोकं उघडं पडलं, फुली दिसली. किशोरराव धापा टाकत सरळ झाले आणि पंचनामा वाचावा तसं म्हणाले,

"हा हद्दीचा दगड. बसवणारा मी. सन एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. पलीकडे अडीच फुटांवर भिंत, बांधणारा मीच. दगड बरोबर आहे, भिंत चूक आहे. आणि सोमवारी हे सगळं माहीत असून बुजवणाराही मीच." खिशातून गोटी काढून त्यांनी अबूबकरच्या हातात दिली. "ही खूण."

अबूबकर गोटीकडे बघत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "भिंत उभी राहिली तेव्हा अब्बांना मी विचारलं होतं, जरा आत आल्यासारखी वाटत नाही? अब्बा म्हणाले, मोजणीसाहेबांची भिंत आहे, चुकायची नाही. पुन्हा तोंडातून काढू नकोस."

किशोररावांना चौतीस वर्षांत लोकांनी शिव्या दिल्या होत्या, एकाने विळा दाखवला होता. पण हे वाक्य जसं लागलं तसं काहीच लागलं नव्हतं. ते चराच्या कडेवर खाली बसले.

तेवढ्यात भिंतीवरून अख्तरुन्निसाचं डोकं वर आलं. "आता निघालंच आहे तर मी पण सांगते. ती मेंदी माझी आहे."

"अय्या!" रोहिणीबाई म्हणाल्या.

"एकोणनव्वदला लग्न होऊन आले तेव्हा लावली. दगडाला लागून, आमच्या बाजूला. भिंत झाली आणि मेंदी गेली पलीकडे. सासऱ्यांना म्हटलं, तर म्हणाले, तुला मोजणीसाहेबांपेक्षा जास्त कळतं का?"

"म्हणजे अख्तरभाभी, दर ईदला मी तुम्हाला..."

"माझीच मेंदी. अठ्ठावीस वर्षं." अख्तरुन्निसा तेच गोड हसली. "आणि साहेबांच्या मिशीला पण माझीच."

पारूने पदराचा बोळा तोंडात कोंबला. फराज पाइपाच्या तोंडाशी वाकून काहीतरी बघू लागला. वीज कार्यालयाच्या साहेबांनी फाइल मिटली आणि म्हणाले, "आधी तुमचं मिटवा. मी पुढच्या महिन्यात येतो."

अबूबकर म्हणाला, "राहू द्या साहेब भिंत. अडीच फुटांत मी काय विमानतळ बांधणार आहे?"

पण ते किशोररावांना मानवणारं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी ते आपल्या जुन्या कार्यालयात गेले, रांगेत उभे राहिले, आणि स्वतःच्या जागेच्या मोजणीचा रीतसर अर्ज केला. अबूबकरच्या फाइलीतली हद्द आणि आपली हद्द समोरासमोर येऊन निकाल लागू दे. 'दगड बरोबर, भिंत चूक' हे सरकारी कागदावर आलं की निदान मोजणीदार म्हणून आपली मान ताठ राहील, एवढीच त्यांची इच्छा होती.

जानेवारीत मोजणी आली. आरोही नावाची एक मुलगी, काठी, आणि काठीवर ती पांढरी थाळी. दहा मिनिटांत काम संपलं.

"काका, भिंत चुकलीये."

"ते मीच लिहून दिलंय."

"आणि दगडही."

"काय?"

"नऊ इंच. तुमच्या बाजूला आत बसलाय. म्हणजे तुमचा फायदाच आहे काका! अडीच फुटांतले नऊ इंच तुमचेच निघाले."

किशोररावांच्या चेहऱ्यावर फायदा झाल्याचं काही दिसलं नाही. त्यांचा हात आपोआप मिशीकडे गेला. लडकू मुद्दाम साक्षीला आला होता. तो दगडाकडे टक लावून बघत राहिला आणि म्हणाला, "साखली माज्याकडनंच ढिली पडली आसंल, साहेब. कोलमीचं कालवन जास्त झालं व्हतं."

त्यानंतर भिंत पडली आणि नवी उभी राहिली, थाळीच्या नाही, दगडाच्या रेषेवर. ते नऊ इंच घ्यायला किशोरराव तयार नाहीत, कारण घेतले तर दगड चुकला हे मान्य होतं. अबूबकरही तयार नाही, कारण कागदावर ते साहेबांचे आहेत. त्या नऊ इंचांत मेंदी उभी आहे. आता ती भिंतीच्या अबूबकरच्या बाजूला आली.

चर दुसरा खणला, आतल्या अंगाने, एकही वळण नसलेला. केबल एका दमात आली. मार्चमध्ये सोलर सुरू झालं. एप्रिलमध्ये भर दुपारी लाइट गेली, रोहिणीबाई ऐटीत मिक्सरपाशी गेल्या, आणि मिक्सर गप्प. फोनवर रूपेश म्हणाला, "काकू, या सिस्टिममध्ये लाइट गेली की सोलरपण बंद होतं. बॅटरी नाही ना. भाग्यश्रीमावशींकडे बॅटरी आहे." त्या दिवसापासून रोहिणीबाई पाट्यावर वाटतात आणि बहिणीला सांगतात की चव वेगळीच येते.

रूपेशचं बदलापूरला दुकान झालं. तिथेही तो 'दीड दिवसाचं काम' म्हणतो. फक्त आधी विचारतो, घरात कुणी मोजणी खात्यातलं आहे का. वीज कार्यालयाच्या त्या साहेबांची बदली झाली. मीटर अजून गोमाच्या नावावर आहे. लडकूने पुन्हा खणायचं काम घेतलं नाही. पारू घेते, आणि कशेळ्याच्या बाजारात ही गोष्ट सांगते ती याहून बरी. गोटी इक्राकडे आहे. तिने तिच्यावर तीन गोट्या जिंकल्या.

मोजणीत आपल्याला नऊ इंच जास्त जमीन मिळाली, ती परत घ्यावी, असं अपील किशोररावांनी दाखल केलं आहे. अशा अपिलासाठी कार्यालयात नमुनाच नाही, म्हणून ते प्रलंबित आहे. आणि निकाल लागत नाही तोवर दगड चुकला असं म्हणता येत नाही, म्हणून मिशी कायम आहे.

मधे तीन महिने मात्र ती पांढरी होती. परक्याची मेंदी लावायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. मग ईद आली. त्या सकाळी भिंतीवरून टोपली आली, या खेपेला पलीकडून अलीकडे, आणि टोपलीत पाल्यावर एक झाकलेली वाटी. मेंदी वाटूनसुद्धा दिलेली.

"आमच्या मेंदीचा रंगच वेगळा," अख्तरुन्निसा म्हणाली.

हल्ली किशोररावांची मिशी पुन्हा लाल आहे. फरक इतकाच, की आता ती मालकाच्या संमतीने लाल आहे.